तीन तारांचा संवाद
घरच्या बॅटरीस संगणकाशी जोडणारी तार कशी करावी

आमच्या एका विद्यार्थ्याचे घर भीमाकाठच्या एका वाडीत आहे. नदीच्या एका तीरास शिरूर तालुका, दुसऱ्या तीरास दौंड. घरी त्याच्या आजीबाईंस प्राणवायूचे यंत्र लावलेले असते. वळवाच्या पावसात वीज गेली म्हणजे हे यंत्र लिथियम बॅटरीवर चालते. एके दिवशी तो आम्हांस म्हणाला, "सर, बॅटरीवर चार दिवे आहेत. एकच उरला म्हणजे रात्र निघेल की सिलिंडर लावावा?"

प्रश्न साधा नव्हता. ही बॅटरी ५१.२ व्होल्टची व १०० अँपिअर-तासांची, म्हणजे ५१२० वॅट-तासांची. एका दिव्यामागे १२८० वॅट-तास. यंत्रास सुमारे ३५० वॅट लागतात. तेव्हा शेवटचा दिवा नुकताच एकटा उरला असेल तर तीन-साडेतीन तास हाती आहेत. तो विझण्याच्या बेतात असेल तर पाच मिनिटेही नाहीत. दिवा मात्र दोन्ही वेळी सारखाच दिसतो. खरा आकडा बॅटरीच्या पोटातील नियंत्रकास ठाऊक असतो. त्यास विचारण्यासाठी एक तार हवी, आणि ती आपणांस करता येते.

प्रथम संदेश कसा जातो ते पाहू. दौंड जंक्शनवर मालगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. एकाच रुळावरून डबे एकामागून एक येतात. तद्वत् एका तारेवरून एका अक्षराचे आठ अंश क्रमाने धावतात. पुढे आरंभाची खूण हे इंजिन, मागे समाप्तीची खूण हा गार्डाचा डबा. एकूण दहा. जाण्याचा रूळ वेगळा, येण्याचा वेगळा, आणि तिसरी तार दोघांची समाईक जमीन. ह्या पद्धतीचा आरएस-२३२ हा नियम अमेरिकेत १९६० साली ठरला व अद्यापि अनेक बॅटऱ्यांत चालतो.

आता कृती. संगणकाच्या यूएसबी तोंडास लावावयाचा आरएस-२३२ परिवर्तक घ्यावा. त्याच्या नऊ पिनांपैकी क्रमांक २ ऐकण्याची, ३ बोलण्याची व ५ जमिनीची. बॅटरीकडे बहुधा नेटवर्कच्या तारेसारखे आठ पिनांचे तोंड असते. नेटवर्कची तार घेऊन तिचे एक टोक कापावे. कोणती तार कोणत्या पिनेस जाते ते मल्टिमीटरने तपासावे. रंगांवर विसंबू नये, कारण रंगांचे क्रम दोन प्रकारचे प्रचलित आहेत. बॅटरीच्या पुस्तिकेतून आपल्या तीन पिना शोधाव्या. उरलेल्या पाच तारांची टोके चिकटपट्टीने निरनिराळी झाकावी, कारण एखाद्या पिनेवर विजेचा दाब असू शकतो.

जोडणी उलटसुलट असते, हे ध्यानात ठेवावे. बॅटरीची बोलणारी तार संगणकाच्या २ ह्या ऐकणाऱ्या पिनेस, बॅटरीची ऐकणारी तार ३ ह्या पिनेस, व जमिनीस जमीन. आम्ही स्वतः पहिल्या वेळी बोलणाऱ्यास बोलणारा जोडला. दोघेही बोलत राहिले, ऐकणारा कोणीच नाही. सारी संध्याकाळ पडदा कोरा! दोष यंत्राचा समजून आम्ही परिवर्तकही बदलला. दोष आमच्या गृहीत धरण्याचा होता.

पुढे आम्ही असा नियम केला की, परिवर्तक लावण्यापूर्वी मोजावे. मीटरची काळी सळई जमिनीच्या तारेस व तांबडी बोलणाऱ्या तारेस लावावी. गप्प बसलेली आरएस-२३२ ची बोलणारी तार उणे ३ ते उणे १५ व्होल्ट दाखविते. तेथे अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसले तर ही बोली निराळी. आपला परिवर्तक लावल्यास आतील भाग जळण्याचा संभव. काही बॅटऱ्यांत आरएस-४८५ असते. तिला परिवर्तकच दुसरा लागतो. तोंडे सारखी दिसली म्हणून बोली सारखी असेल असे समजू नये.

बॅटरीची पेटी उघडू नये. हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. मुख्य टोकांमध्ये धातू आडवा पडला तर शेकडो अँपिअर धावतात. मुलांनी हे काम वडील माणसाच्या समक्षच करावे.

शेवटी संगणकात बोलण्याची गती पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, बहुधा ९६०० किंवा १,१५,२००, ठेवावी. गती चुकली तर निरर्थक चिन्हे उमटतात. बॅटरीकडून माहिती केवळ वाचावी. तिच्या आतील मर्यादा बदलू नयेत.

त्या घरी आता रात्री निजण्यापूर्वी पडद्यावर आकडा पाहतात. सिलिंडर पूर्वीप्रमाणे खाटेशेजारीच आहे, यंत्राची घंटाही चालू आहे. तारेने त्यांची जागा घेतलेली नाही. मात्र दिव्याकडे पाहत जागत बसणे संपले.

अभ्यास : (१) ९६०० गतीने एका सेकंदात किती अक्षरे जातील? (२) वरील बॅटरीत शेकडा ४२ शिल्लक असता, इन्व्हर्टरमधील तूट सोडून, ३५० वॅटचे यंत्र किती तास चालेल? उत्तर घरी वडिलांस समजावून सांगा.