कसोटीचीच कसोटी

सोनार सोने पारखतो ते कसोटीच्या दगडावर. पण तो दगडच खोटा असेल, तर चोख सोनेही हिणकस ठरेल! संगणकाच्या क्षेत्रातही हा प्रश्न उभा राहतो. त्याचे एक उदाहरण पाहू.

एका संगणकाच्या पोटात, आज्ञावलीच्या साहाय्याने, दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला आभासी यंत्र म्हणतात. लिनक्स प्रणालीत हे काम केव्हीएम नावाचा भाग करतो. तो २००७ साली तिच्यात समाविष्ट झाला. तो बिनचूक चालतो की नाही, हे पाहण्यासाठी चाचण्या लिहिलेल्या आहेत. चाचणी एक छोटे आभासी यंत्र तयार करते, त्याच्या प्रोसेसरची मांडणी करते आणि त्याला कामाला लावते.

मांडणी म्हणजे काय? प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाची छोटी कोठारे असतात. पहिली आज्ञा स्मृतीत कोठे आहे, हे एका रजिस्टरात भरावे लागते. स्टॅकचे टोक कोठे आहे, हे दुसऱ्यात. स्टॅक म्हणजे जणू ताटांची चळत: शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलायचे. फरक एवढाच, की एक्स८६ प्रोसेसरात ही चळत खाली वाढते, म्हणजे पत्ता कमी कमी होत जातो.

आता थोडा हिशेब करू. ६४ बिटी लिनक्सवर असा संकेत आहे, की उपआज्ञावली बोलावताना टोकाचा पत्ता १६ च्या पटीत असावा. समजा, तो ३२७६८ आहे. बोलावण्याची आज्ञा परतीचा पत्ता चळतीवर ठेवते. त्याला ८ बाइट लागतात. म्हणून उपआज्ञावलीच्या आरंभी टोक ३२७६० वर असते. तिने आणखी ८ बाइट ठेवले, की ते ३२७५२ होते, म्हणजे १६ × २०४७. हिशेब जुळला!

परंतु चाचणीत पहिल्या उपआज्ञावलीला कोणी बोलावतच नाही. मांडणी करणारा प्रोसेसरला थेट तिच्या दाराशी नेऊन सोडतो. परतीचा पत्ता ठेवला जात नाही. टोक ३२७६८ वरच राहिले, तर पुढे ते ३२७६० होते, आणि त्याला १६ ने भाग जात नाही. एकदम १६ बाइट हलवणाऱ्या काही आज्ञांना असा पत्ता चालत नाही. प्रोसेसर ती आज्ञा नाकारतो आणि चाचणी मोडते. दोष चाचणीचा, पण ठपका यायचा केव्हीएमवर!

केव्हीएमच्या चाचण्यांत नेमकी हीच उणीव होती. ज्यांत तशा आज्ञा येत नसत, त्या चाचण्या सुरळीत पार पडत. २०२३ साली दुरुस्ती झाली: आरंभीच्या पत्त्यातून ८ वजा केले. शिवाय, वजाबाकीपूर्वी तो पत्ता ४०९६ च्या पटीत आहे ना, याचीही तपासणी जोडली.

म्हणूनच चाचणी लिहून झाली, की दुसरा जाणकार ती ओळीओळीने वाचतो. यात काय गृहीत धरले आहे? चाचणी पार पडली, ती सारे ठीक आहे म्हणून, की अवघड प्रश्न विचारलाच नाही म्हणून? प्रयोगशाळेत काम करतानाही हे दोन प्रश्न विसरू नका.

विचार करा: ३२ बिटी मांडणीत परतीचा पत्ता ४ बाइटांचा असतो. १६ चा संकेत तोच ठेवला, तर आरंभी किती वजा करावे लागतील?