छतावरील सूर्य आणि घराचा मंजूर भार

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी : सामान्य विज्ञान व अंकगणित)

पाठाचा हेतू : घरावर सौरसंच बसविताना त्याच्या शक्तीला मर्यादा का पडते, हे मुलांना स्वतःच्या गणिताने उमगावे.

पूर्वतयारी : मुलांनी वीजदेयकावरील ‘मंजूर भार’ हा आकडा घरून उतरवून आणावा. मीटरच्या पेटीस हात लावू नये, अशी ताकीद द्यावी.

विवेचन : वसई तालुक्यातील उमेळे येथील एक घर कल्पावे. जोडणी घेतली तेव्हा घरात दिवे व पंखे एवढेच होते. मंजूर भार १ किलोवॅट. आता घरधन्यास ३ किलोवॅटचा सौरसंच हवा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा संचास ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. परंतु भार १ आणि संच ३, हे जुळावे कसे?

मंजूर भार म्हणजे त्या घरासाठी महावितरणने मान्य केलेली विजेची मर्यादा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी संच या भाराहून मोठा नसावा, असे ठरविले. त्यामुळे ग्राहकास आधी भार वाढवून घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम सुधारले. त्यानुसार १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीवाचून मान्य समजावा आणि आवश्यक ती भारवाढ वितरण कंपनीने करावी.

नियम सुलभ झाला, तरी तारेची शक्ती तेवढीच राहते. वाडीतील पाट जेवढा रुंद, तेवढेच पाणी त्यातून जाते. दुपारी घरे वीज कमी वापरतात आणि संच भरपूर वीज तारेत सोडतात. तेव्हा तारेतील दाब वाढतो. म्हणून २०१९ च्या विनियमांत एका रोहित्रावरील सर्व संचांची बेरीज त्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत धरली होती. क्षमता १०० असेल, तर ३ किलोवॅटचे २३ संच बसतील (हिशेबासाठी केव्हीए व किलोवॅट समान मानावे). चोविसाव्या घराचे काय, यावर मुलांना बोलू द्यावे. रोहित्र सर्व शेजाऱ्यांचे आहे, हे त्यातून आपोआप निघेल.

शंका : वादळात पुरवठा खंडित झाला, की बॅटरी नसलेला संच ऊन असूनही बंद पडतो, असे का? उत्तर : खांबावर दुरुस्ती करणारा कामगार तार निर्जीव समजून हात घालतो. घराघरांतून वीज तारेत येत राहिली, तर त्याचे प्राण जातील. संच आपोआप थांबतो, तो याचसाठी.

अभ्यास :
१. स्वच्छ उन्हात १ किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. ३ किलोवॅटचा संच ३० दिवसांत किती देईल?
२. पावसाळ्यात हे उत्तर कमी का येईल?
३. आपल्या घराचा मंजूर भार किती? घरातील उपकरणांच्या वॅटची बेरीज करून तो पुरतो का, ते पाहा.