साथीला बसायला शीक

कंपनी सोडून गाणंच करायचं म्हणतोस, तर कर. गळा आहे तुला, भजनात रोज ऐकतोय मी. पण कंत्राटावरची का होईना, शिफ्ट लगेच सोडू नकोस. आधी वर्षभर गाण्याची कमाई वहीत मांड. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, चैत्रात गावोगावच्या जत्रा, मग गणपती, नवरात्र. तेव्हा फोनला उसंत नसते. आषाढात नि पितृपक्षात तोच फोन गप्प असतो. त्या कोरड्या महिन्यांचा किराणा आणि गाडीचा हप्ता गाण्यातून निघाला, की दे राजीनामा.

तोवर आवाज सांभाळ. नाइट करून आलास की रियाज नको, आधी झोप काढ. मशीनच्या वर आवाज चढवून बोलू नकोस, हातानं खुणा कर. कानात इअरप्लग घालायचा कंटाळा करू नकोस. आवाजानं गेलेला कान परत येत नाही, आणि त्यात बारीक, वरचे स्वर आधी जातात. डीजेच्या भिंतीपुढंही उभा राहू नकोस.

सकाळी खर्ज लाव. तानपुरा मोबाइलवरचा असला तरी चालेल. एका श्वासात टिकेल तेवढा सा, न वाढवता, न हलता. टाळांच्या गजरातून आवाज पोचावा म्हणून भजनात आपण उंच पट्टीत गातो. तीच सवय घेऊन दोन तासांच्या कार्यक्रमाला बसलास, तर मध्यंतरापर्यंत घसा बसेल. तुझी पट्टी काळी एक की काळी दोन, ते गुरूकडून ठरवून घे. मग मंडपात कुणी कितीही आग्रह केला तरी वर चढायचं नाही.

आता माझं खरं सांगणं. पेटी शीक, आणि तीही साथीची. पंचक्रोशीत गाणारे बक्कळ आहेत, साथीला बसणारा शोधावा लागतो. आळंदी आपल्या निघोजेपासून किती लांब? जोग महाराजांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिथून कीर्तनकार बाहेर पडताहेत. प्रत्येकाला मागं पेटी, पखवाज नि चाल धरणारा गळा लागतो. सप्ताह लागला की आठ दिवस रोज कीर्तन. तिथं जाऊन बस. कीर्तनकाराच्या तोंडाकडं बघ, पेटीच्या पट्ट्यांकडं नको. तो श्वास घेतो तेवढ्यात तुझा स्वर भरलेला हवा. तो निरूपणाला लागला की भाता हलका कर, नुसता सा धरून ठेव. त्यानं मधेच चाल बदलली, तर पहिल्या ओळीत अंदाज घे, दुसरीत सामील हो. हे ज्याला जमतं त्याला कुणी घरी बसू देत नाही.

अजय-अतुल आपल्याच जिल्ह्यातले. वडील महसूल खात्यात, त्यामुळं लहानपण राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव असं फिरतं गेलं. वाद्य घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ज्याच्याकडं वाद्य त्याच्याशी दोस्ती केली. 2016 च्या ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद वाजला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी जाहिराती केल्या, नाटकं केली. तू ती वर्षं बघ.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही देत राहा. विशारद झाल्यानं गळा तयार होत नाही, पण मोशी-चिखलीच्या सोसायट्यांत क्लास काढलास तर पालक पहिलं तेच विचारतात. आणि क्लासची फी पितृपक्षातही येते.

व्यवहार तोंडी ठेवू नकोस. विसार किती, साउंड कुणाचा, गाडीभाडं कोण देणार, सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घे. स्वतः चाल बांधलीस तर कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस. 2012 मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही. रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा सभासद हो, तो वाटा तिथून मिळतो.

आणि साथीदारांचे पैसे त्याच रात्री, गाडीत बसायच्या आधी दे. यजमानानं तुझे अडकवले असले तरी खिशातून दे. पुढचं काम बहुतेक वेळा पखवाजवालाच सांगत येतो.