पक्ष्याची शीट की अळी?

शिरूर-दौंडकडे अंगणातल्या कागदी लिंबाला नवी पालवी फुटली की मुलांना तिथे न्या. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर नीट बघा. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असू शकते! तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, म्हणून पक्षी फसतात. चौथ्यांदा कात टाकल्यावर ती हिरवी होते. एवढी मोठी शीट कोण खरी मानेल? डिवचलं तर डोक्यामागून लालसर जोडशिंग काढते, उग्र वास येतो. कोषही हिरवळीत हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी.

मोठ्या झाडाला चार अळ्यांनी फरक पडत नाही, लहान रोप मात्र उघडं पडतं. लगेच औषध मारू नका. अळ्या वेचून बरणीत ठेवा, रोज लिंबाचाच ताजा पाला घाला, एक काडी उभी करा. कोष तिच्यावर बांधू शकतील.