ताडोबाची फेरी कशी निवडावी?

उन्हाळा जवळ आला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या घराघरांत नागपूर, पुणे, मुंबईकडच्या पाहुण्यांची पत्रे, फोन सुरू होतात आणि पहिला विषय निघतो तो ताडोबाचा. मग भौतिकीचा तास संपला की एखादा विद्यार्थी टेबलाजवळ येऊन विचारतो, "सर, मोहर्लीच्या गेटने जावे की कोलाऱ्याच्या? सकाळची फेरी घ्यावी की दुपारची? वाघ नक्की कुठे दिसतो?"

बहुतेक जण या प्रश्नाला "नशीब!" असे उत्तर देतात. नशिबाचा भाग आहेच. पण एका जिप्सीत सहाच प्रवासी बसतात. गाडीचे भाडे, प्रवेश शुल्क आणि मार्गदर्शकाचे मानधन मिळून सामान्य कुटुंबाची बरीच शिल्लक एका सकाळीत संपते. एवढा खर्च करण्यापूर्वी थोडा विचार करायला काय हरकत आहे? आणि त्या विचाराला लागणारे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे फारसे नाही.

प्रथम क्षेत्रफळ पाहू. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले, १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गाभ्याचे क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. भोवतालचा बफर धरला तर एकूण क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर होते. २०२२ च्या देशव्यापी गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ताडोबा प्रकल्पात शंभराला थोडे कमी धरले, तर सरासरी अठरा चौरस किलोमीटरमागे एक वाघ येतो.

आता समजा, आपली जिप्सी एका फेरीत ४० किलोमीटर फिरली. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत माजलेले असते, बांबूची बेटे दाट असतात आणि सागाला पाने असतात. नजर फार तर १५ मीटर आत जाते असे धरू. म्हणजे आपण ४० किलोमीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा एक पट्टा पाहिला. त्याचे क्षेत्रफळ १.२ चौरस किलोमीटर. वाघ जंगलात कुठेही सारख्याच शक्यतेने असेल असे मानले, तर या पट्ट्यात तो सापडण्याची संभाव्यता १.२ भागिले १८, म्हणजे पंधरात एक! चैत्र-वैशाखात सागाची पाने गळतात, गवत वाळते आणि नजर ४५ मीटरपर्यंत पोचते. पट्टा तिप्पट रुंद झाला आणि संभाव्यता पाचात एक झाली. उन्हाळ्यात वाघ जास्त का दिसतो याचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. वाघ वाढलेले नसतात, आपली नजर लांबलेली असते.

हे आकडे अर्थात समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुम्ही आपले घेऊन गणित पुन्हा करून पाहा. परंतु एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. केवळ गाडी पळवत डोळ्यांनी शोधत राहणे हा वाघ पाहण्याचा फार दुबळा मार्ग आहे.

इथे समुद्राची आठवण होते. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मिरिस्सा येथून किंवा न्यूझीलंडमधील कैकोरा येथून लोक नौकेत बसून देवमासे पाहायला जातात. (देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे.) समुद्र ताडोबाच्या हजारो पट मोठा, तरी तिथे देवमासा दिसण्याची आशा बरीच असते. का? एक तर, त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. दुसरे, समुद्रावर आडवे काही नसते. पाण्यापासून ४ मीटर उंचीवर डोळा असेल तर क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर असते, म्हणजे दीडशे चौरस किलोमीटर पाणी एका जागी बसून दिसते. उच्छ्वासाबरोबर उडणारा तुषारांचा फवारा दुरूनही ओळखू येतो.

म्हणून वाघाच्या बाबतीत दोन प्रश्न विचारले पाहिजेत. दृष्टी अडते तिथे दुसरे कोणते साधन लांब पोचते? आणि देवमाशाला जशी हवेची गरज भागवायला एका ठरावीक जागी यावे लागते, तशी वाघाची कोणती गरज आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ताडोबाच्या वाटाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते कानाने वाघ शोधतात. वाघ दिसला की चितळ, सांबर, भेकर आणि झाडावरचे वानर धोक्याची हाक देतात. वाटाडे याला 'कॉल' म्हणतात. बांबूच्या बेटातून प्रकाश येत नाही पण हाक येते, याचे कारण तरंगलांबी. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरा आणि हाकेची वारंवारता उदाहरणादाखल ५०० हर्ट्झ धरा. तरंगलांबी ६८ सेंटिमीटर येते. बांबू चार-पाच सेंटिमीटर जाडीचा. एवढ्या लांब तरंगाला तो अडवू शकत नाही, तरंग त्याला वळसा घालून पुढे जातो. यालाच विवर्तन म्हणतात. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असल्याने त्याच बांबूमागे त्याची स्वच्छ सावली पडते.

पहाटेच्या शांततेत एक किलोमीटरवरची हाक ऐकू येते असे मानू. एका जागी उभे राहून आपण ३.१४ चौरस किलोमीटर जंगल ऐकतो. दिवाळीत ४० किलोमीटर भटकून डोळ्यांनी पाहिलेल्या पट्ट्याच्या अडीचपटींहून हे जास्त झाले! अट एकच. इंजिन बंद हवे आणि गाडीतली सहा तोंडेही.

पहाटेचा उल्लेख मुद्दाम केला. थंड हवेपेक्षा उष्ण हवेत ध्वनी जलद जातो. १० अंश सेल्सिअसला वेग सुमारे ३३७ मीटर, ४५ अंशाला सुमारे ३५८ मीटर. रात्रभर जमीन निवते, त्यामुळे पहाटे जमिनीलगतची हवा थंड व वरची त्या मानाने उबदार असते. वरचा भाग पुढे सरकतो, खालचा मागे राहतो, आणि तरंग जमिनीकडे वाकतात. हाक लांबवर ऐकू येते. भर दुपारी तलावाकाठच्या मोकळ्या गवताळ भागात हेच उलटे होते. तापलेल्या जमिनीजवळ ध्वनी जलद जातो, तरंग आकाशाकडे वाकतात आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. गावात पहाटेचे भजन दूरच्या शेतापर्यंत येते आणि दुपारची हाक येत नाही, हा अनुभव तुम्हांला असेलच. सकाळची फेरी ही कानांची फेरी आहे.

दुपारची फेरी पाण्याची. चंद्रपूरचा मे महिना काय असतो हे मी या वाचकांना सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो. वाघाच्या शरीराचे तापमान ३८ अंशांच्या आसपास. उष्णता नेहमी उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. म्हणजे अशा दुपारी हवाच वाघाला तापवीत असते. आपल्यासारखे सर्वांगाला घाम येण्याची सोय मार्जारकुळात नाही, तळपायांवरच काय ती थोडी घर्मग्रंथी. उरतो तो धापा टाकण्याचा उपाय. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते, परंतु तेवढे पाणी शरीरातून जाते आणि ते भरून काढावे लागते. त्यापेक्षा सरळ पाण्यात बसणे बरे. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. तिशीतल्या तापमानाच्या पाण्यात कमरेपर्यंत बसलेला वाघ दोन्ही प्रश्न एका जागी सोडवतो. पुष्कळदा तो पाण्यात उतरतानाही आधी मागचा भाग बुडवतो, तोंड बाहेर ठेवतो आणि कान टवकारलेले असतात.

देवमाशाला हवा, तसे उन्हाळ्यात वाघाला पाणी. ताडोबा तलाव, पंचधारा, जामुनबोडी, पांढरपौनी ही नावे म्हणूनच प्रत्येक मार्गदर्शकाच्या ओठांवर असतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांत बसून प्राणी मोजण्याची जुनी पद्धतही याच तत्त्वावर उभी होती. आज वाघांची गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पट्ट्यांची नक्षी ओळखून होते. मचाणावरची रात्र मात्र निसर्गानुभव म्हणून टिकून आहे. पाऊस पडला की जागोजागी पाणी होते, हे बंधन सुटते आणि गणित पुन्हा अवघड होते. तसाही गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असतो. एरवीही मंगळवारी तो बंद असतो, हे पाहुण्यांना तिकीट काढण्यापूर्वी सांगा.

तेव्हा गेट कोणते, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्या आठवड्यात कोणत्या पाणवठ्यावर पाणी आहे आणि तिथे कोणत्या गेटने जाता येते, हे विचारावे. गाडी ठरवताना "वाघ दाखवाल का?" याऐवजी "कॉल ऐकायला किती वेळ थांबता?" असे विचारून पाहा. उत्तरावरून माणूस कळतो.

आणि कोणी "शंभर टक्के खात्री" देऊ लागला तर? एका फेरीत वाघ दिसण्याची संभाव्यता ३० टक्के माना. न दिसण्याची ०.७. दोन फेऱ्यांत दोन्ही वेळा न दिसण्याची ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. निदान एकदा दिसण्याची ०.५१. तीन फेऱ्यांना सुमारे ०.६६. नव्वद टक्के गाठायला सात फेऱ्या लागतात! त्यातही गुणाकाराचा हा नियम घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. कालच्या शिकारीवर वाघ अजून बसला असेल तर आजच्या सगळ्या गाड्यांना दिसेल, आणि तो भाग सोडून गेला असेल तर कोणालाच नाही. एकाच भागात लागोपाठ दोन फेऱ्या घेण्यापेक्षा एक सकाळची आणि एक दुपारची, निरनिराळ्या भागांत घ्यावी. "काल पंधरा गाड्यांना वाघ दिसला" या वाक्यात वाघ एकच असतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना खात्रीच हवी, त्यांनी सिरोंच्याजवळ वडधमला जावे. तिथली दगड झालेली झाडे कोट्यवधी वर्षे जागची हललेली नाहीत.

खात्रीचा हट्ट वाघालाही महाग पडतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ऑस्ट्रेलियात नौकेने देवमाशाच्या शंभर मीटरच्या आत जायचे नाही असा नियम आहे. आपल्या चालकाला "आणखी पुढे घ्या" असे म्हणणारा आवाज बहुधा मागच्या आसनावरून येतो.

आतापर्यंत आपण पाहुण्याच्या बाजूने गणित केले. आता तेच गणित दुसऱ्या बाजूने करू. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी भागांतील किती तरी कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि नंतर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. त्यांना वाघ दिसू नये असे वाटते. समजा, एका सकाळी वाघाशी अगदी जवळून गाठ पडण्याची संभाव्यता हजारात एकच आहे. पाहुण्याच्या तीस टक्क्यांपुढे हा आकडा किती क्षुल्लक! पण एका हंगामात तीस सकाळी धरल्या तर ती शंभरात तीन होते, आणि वीस हंगामांच्या सहाशे सकाळी धरल्या तर शंभरात पंचेचाळीस. जिप्सीतल्या माणसाच्या आणि मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या गणितात सूत्र एकच आहे, फेऱ्यांची संख्या तेवढी वेगळी. या भागात अशा सकाळी माणसे मारली गेली आहेत. फुले वेचायला वाकलेले माणूस उभ्या माणसासारखे दिसत नाही, म्हणून वनविभाग आणि जाणती माणसे सांगतात की एकट्याने जाऊ नका, मोठ्याने बोलत राहा, अगदी अंधारात निघू नका. त्या वेळी वानराची हाक आली तर लोक तिच्या उलट दिशेने चालू लागतात.

ही हाक ओळखायला शिकणे तुम्हांला ताडोबात न जाताही शक्य आहे. गावाजवळ वानरांची टोळी असेल तर आठवडाभर वहीत नोंद करा. हाक केव्हा आली, किती वेळ चालली, कुत्रा पाहून आली की आणखी कशामुळे, आणि ती सकाळी किती पावलांवरून ऐकू आली व दुपारी किती. सकाळच्या आणि दुपारच्या अंतरांचे गुणोत्तर काढा, आणि त्या दोन्ही वेळांचे तापमान शाळेच्या तापमापकावर घेऊन शेजारी लिहा.