परदेशी शाळेतील उमेदवारीचे पंधरा दिवस

उमेदवार हा शब्द आज निवडणुकीच्या दिवसांत भिंतीभिंतीवर दिसतो. परंतु आपल्या पणजोबांच्या वेळी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत किंवा पेढीवर जावे, पगार न घेता दप्तरे बांधावी, नकला कराव्या, वडील कारकुनाचे काम डोळ्यांखाली घालावे, आणि एखादी जागा रिकामी होईल ह्या उमेदीवर दिवस काढावे, ह्यास उमेदवारी म्हणत. हल्ली जिला इंटर्नशिप म्हणतात ती ह्याच उमेदवारीची धाकटी बहीण होय. भेद इतकाच की, जुन्या उमेदवारास त्या जागेची आशा असे. नव्यास ती जागा आपल्याला हवी आहे की नाही, हेच मुळी पाहावयाचे असते.

कॉलेजातील तरुणांनी अशी उमेदवारी करणे आता आपणांस नवे राहिले नाही. परंतु हायस्कुलात शिकणारी, पंधरा-सोळा वर्षांची मुले परदेशी राहत असता तेथील दुकानांत, कारखान्यांत, इस्पितळांत काही दिवस काम करतात, हे ऐकून आमच्या पालकवर्गापैकी पुष्कळांस नवल वाटते. कित्येकांस तर भीतीच वाटते. म्हणून एका देशाची, म्हणजे जर्मनीची, रीत येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शाळकरी मुलांनी वर्ष-सहा महिने परक्या देशात, परक्या कुटुंबात राहून तेथल्या शाळेत जावे, ही कल्पना महायुद्धाच्या राखेतून वर आली. दोन्ही महायुद्धांत जखमी शिपायांच्या गाड्या हाकणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एक संस्था होती. ज्यांनी रणांगणावर प्रेते वाहिली त्यांनाच असे वाटले की, राष्ट्राराष्ट्रांतील मुले एकमेकांच्या घरी जेवली, तर पुढील पिढीस एवढे वाहावे लागणार नाही. आणि १९४७ पासून त्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिसने, विद्यार्थ्यांची अदलाबदल सुरू केली. पुढे १९८३ साली, पहिली जर्मन कुटुंबे अमेरिकेत जाऊन वसली त्यास ३०० वर्षे झाली म्हणून, अमेरिकन काँग्रेस व जर्मन लोकसभा ह्या दोघींनी मिळून मुलांच्या विनिमयाची एक योजना काढली. धंदेशिक्षणाकडे वळलेल्या मुलांकरिता तिच्यात निराळी शाखा ठेवण्यात आली, आणि परदेशात उमेदवारी करणे हे त्या शाखेचे एक अंगच झाले.

परंतु उमेदवारीसाठी म्हणून न गेलेल्या पाहुण्या विद्यार्थ्यावरही जर्मनीत हा प्रसंग येतो. तेथे बहुतेक शाळांत नववीच्या किंवा दहावीच्या सुमारास दोन-तीन आठवडे वर्ग बंद राहतो, आणि सारी मुले कामावर जातात. ह्यास ते प्राक्टिकुम म्हणतात. पाहुणा मुलगा त्याच वर्गात बसत असला, तर रिकाम्या बाकांपुढे तो एकटा काय करणार? त्यालाही कोठेतरी जावेच लागते.

ही जागा साधारणतः शाळा देत नाही. ती मुलाने स्वतः शोधावयाची असते. पावरोटीवाला, चष्मेवाला, सुतार, बालवाडी, वृद्धाश्रम, छापखाना, मोटारदुरुस्तीचे दुकान, ह्यांपैकी कोणाच्या तरी दारी जाऊन विचारावयाचे किंवा रीतसर अर्ज करावयाचा. अर्जासोबत एक पानभर स्वतःची माहिती जोडतात. वडिलांचा हुद्दा तीत लिहिण्याची आज गरज नसते. ह्यावरून तेथे वशिला चालतच नाही असे मात्र कोणी समजू नये. ओळखीपाळखीला जर्मन लोक विनोदाने 'व्हिटॅमिन बी' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत संबंध ह्या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर ते आहे. आणि हे जीवनसत्त्व तेथील मुलांनाही घरून मिळतेच. ते कमी पडते पाहुण्या मुलाला. फार तर ज्या घरी तो राहतो तेथील बाई शेजारच्या दुकानदाराजवळ एखादा शब्द टाकील. एरवी पत्र लिहिणे, नकार ऐकणे, आणि पुन्हा दुसरे पत्र लिहिणे, हे त्याचे त्यालाच करावे लागते.

एका बाबतीत मराठी मुलाचे पारडे जड असते. जर्मन भाषेत जवळच्या माणसास एक सर्वनाम व परक्या किंवा मानाच्या माणसास दुसरे, असा भेद आहे. केवळ इंग्रजी बोलणारा मुलगा येथे वारंवार अडखळतो. ज्याच्या घरी भावाला तू, वडील माणसास तुम्ही आणि पाहुण्यास आपण म्हणतात, त्याला हा भेद शिकवावा लागत नाही. शब्द तेवढे पाठ करावे लागतात.

आता कामाचा दिवस. पालक आम्हांस पहिला प्रश्न करतात तो हा की, मुलास राबवून तर घेणार नाहीत? जर्मनीत १९७६ सालचा बालक-तरुण श्रमसंरक्षणाचा कायदा आहे. पंधरा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास त्याने एरवी बंदी केली आहे. शाळेने ठरविलेली उमेदवारी हा त्यास अपवाद. ज्यांचे सक्तीचे शिक्षण अद्याप चालू आहे अशा मुलांस उमेदवारीतही हलकीच कामे द्यावी, दिवसाला ७ आणि आठवड्याला ३५ तासांहून अधिक काम देऊ नये, काम सहा तासांहून अधिक असल्यास एकूण तासभर विश्रांती द्यावी, असे त्यात घातले आहे. पावरोटीची भट्टी तर रात्रीच पेटते. परंतु सोळा वर्षांखालच्या मुलास सकाळी सहाच्या आत तेथे उभे करता येत नाही. सोळा पुरी झाल्यास पाच वाजता, सतरा पुरी झाल्यास चार वाजता, इतका बारीक विचार कायद्याने केला आहे. मजुरी मात्र बहुधा मिळत नाही, आणि किमान वेतनाचा कायदाही शाळेच्या सक्तीच्या उमेदवारीस लागू होत नाही. मधल्या एखाद्या दिवशी शिक्षक येऊन मुलास भेटून जातात.

पहिल्या दिवशी हाती बहुधा केरसुणी येते. लाकडाचा भुसा झाडणे, भांडी विसळणे, पेट्या उचलून ठेवणे, दोन दिवस नुसते उभे राहून पाहणे. मग कोठे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादे खरे काम. येथे आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा जीव कळवळतो. लाखो रुपये खर्चून मुलगा झाडू मारावयास का पाठविला? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच दुकानात मालकही, जर्मन भाषेत ज्यास माइस्टर म्हणतात तो परीक्षा दिलेला उस्ताद, संध्याकाळी आपले मेज स्वतः झाडतो. हत्यार पुसून जागेवर ठेवणे हा तेथे कामाचाच भाग समजतात.

त्या देशात ह्या पंधरा दिवसांस इतके महत्त्व का, हे कळण्यास पुढची पायरी पाहिली पाहिजे. तेथील पुष्कळ मुले सोळा-सतराव्या वर्षी एखाद्या धंद्यात शिकाऊ म्हणून शिरतात. दोन ते साडेतीन वर्षे, आठवड्यातून तीन-चार दिवस कारखान्यात व एक-दोन दिवस धंदेशाळेत, असा क्रम असतो, आणि त्याबद्दल वेतनही मिळते. अशा रीतीने शिकण्याजोगे मान्य धंदे सुमारे सव्वातीनशे आहेत. एवढ्यांतून एक निवडावयाचा, तर अगोदर आत डोकावणे आले. शेजारच्या स्वित्झर्लंडमधील जर्मनभाषी लोकांनी ह्या डोकावण्यास मोठे मार्मिक नाव दिले आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'हुंगण्याची उमेदवारी' असा होईल. वासरू जसे गवत आधी हुंगते आणि मग तोंड लावते, तसे हे.

घर सोडून धंदा शिकणे हीदेखील त्या लोकांची जुनी चाल आहे. सुतार, गवंडी इत्यादि कारागीर शिक्षण पुरे झाल्यावर तीन वर्षे व एक दिवस देशोदेशी हिंडत. काळा मखमाली पोशाख, रुंद काठाची टोपी, हाती काठी. आणि नियम असा की, आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकावयाचे नाही. अशी थोडी माणसे आजही तिकडील रस्त्यांवर भेटतात. शाळकरी मुलास कोणी एवढे कडक व्रत घालीत नाही. पण गावापासून लांब गेल्याने कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे त्या कारागिरांनी ओळखले होते.

आमच्या मते खरी गोष्ट येथेच आहे. आपण अशी कल्पना करू की, आमच्या वर्गातील एका मामलेदारांचा मुलगा तिकडे गेला आणि त्यास वृद्धाश्रमात जागा मिळाली. तेथे एका नव्वदीच्या आजोबांस घास भरवावा, त्यांच्या पायांत मोजे चढवावे, सांडलेले पुसावे, हे त्याचे काम. हेच काम आपल्या गावात त्याने केले असते काय? दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा झाली असती, आत्याबाईंनी आईस बोल लावला असता, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला सन्मानाने घरी आणले असते. आपल्याकडे कामास वास येतो तो हातांचा नव्हे, जातीचा. झाडू कोणी धरावा, चामडे कोणी शिवावे, मेलेले ढोर कोणी ओढावे, हे शतकानुशतके जन्माने ठरले. आणि त्यामुळे एकाने ते काम सोडता कामा नये व दुसऱ्याने त्यास शिवता कामा नये, असा दुहेरी जाच झाला. परक्या गावी हा मुलगा कोणाचा, कोणत्या आळीतला, हे कोणास ठाऊक नसते. तेथे तो केवळ एक अडखळत बोलणारा, वेळेवर येणारा किंवा न येणारा मुलगा असतो.

ह्याची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या केरसुणीच आली, असा मुलगा तेथे गेला, तर त्याच्या आडनावावरून कोणी त्याचे काम ठरवीत नाही. चष्मेवाला त्याला भिंग घासावयास देतो, कारण त्याचा हात स्थिर आहे. तेथील समाज निर्मळ आहे असे आम्ही म्हणत नाही. रंगावरून, भाषेवरून तेथेही माणसे माणसांना दुखवितात. पण तो जाच निराळा, आणि आपला जुना जाच तेवढे दिवस तरी पाठीवर नसतो. अशा मुलांस तेथवर पोहोचविण्यास पैसा कोण देणार, हा प्रश्न मात्र उरतो. विनिमयाच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्या. आणि आमच्या शाळांतून त्यांची माहितीदेखील बहुधा ज्यांना गरज नाही त्यांनाच अगोदर लागते.

उमेदवारी संपल्यावर मुलास एक वही शाळेत द्यावी लागते. रोजचे काम, त्या दुकानाची माहिती, एखाद्या कृतीचे आरंभापासून अखेरपर्यंत वर्णन, आणि शेवटी: हा धंदा मी पत्करीन काय? 'नाही' हे उत्तर लिहिले म्हणून गुण कापीत नाहीत. इस्पितळाचा वास सहन होत नाही हे पंधराव्या वर्षी पंधरा दिवसांत कळणे, आणि तेच वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षी कळणे, ह्यांतील अंतर ज्या बापाने कर्ज काढले आहे त्यासच ठाऊक.

येथे एक सूचना अवश्य केली पाहिजे. उमेदवारी निराळी आणि पोटापाण्याची नोकरी निराळी. शाळेसाठी म्हणून मिळालेल्या परवान्यावर परदेशात कमाई करता येईल, असे कोणी दलाल सांगू लागल्यास त्याचे ऐकू नये. अमेरिकेत विनिमयावर आलेल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यास पूर्ण वा अर्धवेळ नोकरीची मनाई आहे. कोणाचे मूल सांभाळणे, अंगणातील गवत कापणे, असली अधूनमधूनची कामे तेवढी त्यास करता येतात. मुलास पाठविण्यापूर्वी अपघाताचा विमा कोणाकडे, कामाचे तास किती, आणि भेटीस येणारे शिक्षक कोण, एवढे तरी लेखी मागून घ्यावे.

ज्यांना परदेश शक्य नाही त्यांच्यासाठी एक धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. म्यूनिक शहरच्या शाळांचे १८९५ पासून १९१९ पर्यंत प्रमुख असलेले गेओर्ग केर्शनस्टाइनर ह्यांनी हातांनी शिकण्याची शाळा म्हणजे काय हे जर्मनीस शिकविले. त्यांच्या विचारांचा ठसा डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्यावर होता. ते बर्लिन येथे राहून १९२६ साली डॉक्टर झाले होते, आणि १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी शिक्षणपरिषद भरविली, तेव्हा तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांच्या हाताखाली शिकावे, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. सुतार आणि कुंभार आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडे जाण्याचे पत्र मुलाने स्वतः लिहावे, मराठीत, स्वच्छ अक्षरात; खाली त्याची सही असावी, आणि वडिलांच्या हुद्द्याचा उल्लेख त्यात नसावा.