सणाची शुभेच्छा : दिवस ओळखून



घृष्णेश्वर, भद्रा मारुती व पैठण अशी यात्रा करणाऱ्या भाविकांना आपल्या जिल्ह्यात अन्य धर्मीयांची पवित्र स्थानेही पाहावयास मिळतात. वेरूळच्या एकाच डोंगरात बौद्धांची १२, हिंदूंची १७ व जैनांची ५ लेणी आहेत. भद्रा मारुतीचे खुलताबाद हे सूफी संतांच्या दर्ग्यांचेही गाव आहे. साहजिकच सणावारी परस्परांस शुभेच्छा देण्याचा प्रसंग येतो. त्यासंबंधी अनुभवाचे चार शब्द येथे लिहीत आहे.

आपले चांद्रवर्ष आणि हिजरी वर्ष ही दोन्ही सुमारे ३५४ दिवसांची असतात. मात्र आपल्या पंचांगात अधूनमधून अधिक मास येतो, हिजरीत येत नाही. त्यामुळे दोन्हींकडील एकदा जुळून आलेले दिवस अधिक मास येईपर्यंत जुळतात व मग महिन्याने सरकतात. १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ या दोन्ही दिवशी आषाढी एकादशी व बकरी ईद एकत्र आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण झाला. त्यानंतर १७ जुलै २०२४ व ६ जुलै २०२५ रोजी आषाढीसोबत मोहरमचा आशुरा आला.

ईदेची कुर्बानी तीन दिवसांत केव्हाही करता येते. हे ध्यानी घेऊन त्या वर्षी राज्यातील अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी एकादशीस कुर्बानी न करता ती पुढील दिवशी करण्याचे ठरविले. आमच्या कार्यालयाशी अनेक वर्षांचा घरोबा असलेले एक मुस्लिम गृहस्थ दरवर्षी ईदेला शिरखुर्मा आणतात. २०२३ साली मात्र त्यांनी खजूर आणला. शेवयांनी आमचा उपवास मोडेल, हे त्यांनी कोणी न सांगता जाणले होते.

पुढील आषाढीस मी त्यांना मोठ्या उत्साहाने "मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा" दिल्या. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साहेब, आज शुभेच्छा देत नाहीत." इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन यांना या दिवशी हौतात्म्य आले. शिया पंथीय या दिवशी शोक पाळतात, तर पुष्कळ सुन्नी रोजा ठेवतात. हे मी महाविद्यालयात इतिहासात वाचले होते. परीक्षेनंतर विसरलो, इतकेच! त्यांनी आमचा उपवास जाणला आणि मला त्यांचा शोक ठाऊक नव्हता, याची खंत आजही वाटते. ६ जुलै २०२५ रोजी मी काही न बोलता त्यांच्याजवळ बसलो.

असे दिवस अन्यत्रही आहेत. ख्रिस्ती बांधवांचा गुड फ्रायडे हा येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूचा दिवस. आनंद व्यक्त करावा तो ईस्टरला. ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी शुभेच्छा नव्हे, अभिवादन करावे. एरवी 'जय भीम' म्हणणाऱ्यास 'जय भीम' म्हणण्यात कोणाचा देव कमी होत नाही. पर्युषणाच्या अखेरीस जैन मित्र 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, ती क्षमायाचना असते. तिला 'थँक्यू' म्हणू नये, आपणही क्षमा मागावी.

पैठणच्या नाथमहाराजांनी हिंदू व तुर्क यांचा संवाद भारुडात रचला आहे. त्यात दोघे आधी कडाक्याने भांडतात आणि अखेरीस एकमेकांस आलिंगन देतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची समाधी दौलताबादेस आहे. परंपरेनुसार जनार्दनस्वामींचे गुरू असलेले चाँद बोधले यांचे स्थानही तेथेच आहे. देवगिरी किल्ला पाहण्यास जाणाऱ्या भाविकांनी दोन्ही ठिकाणी जाऊन यावे. दर्ग्यात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत व मस्तक झाकण्यासाठी रुमाल सोबत ठेवावा.